शिकवलेली माणसं सोडून जातात, म्हणून शिकवायचंच नाही का? (शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलवाल्यांनी जरूर लिहा)

शिरोली_नाका

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मी प्रॉडक्शन बघतो. ग्रे आयर्न आणि एसजी हे ओतीव लोखंडाचे दोन्ही प्रकार ओततो, शिवाय छोटी मशिनशॉप आहे. गेल्या आठवड्यात मालकांपुढे विषय काढला. मोल्डिंग, भट्टी, कोअर (कास्टिंगच्या आतली पोकळी काढणारा वाळूचा गाभा), मशिनशॉप, सगळीकडे माणसांना नीट शिकवायची सोय करू. आयटीआयची मुलं अप्रेंटिस म्हणून घेऊ. ठेकेदाराकडच्या माणसांत जे चमकतात त्यांना वर काढू. मालक स्वतः लेथवर उभं राहून वर आलेत, माणूस मनाने चांगला आहे. पण उत्तर एका वाक्यात मिळालं: "तयार करायची आपण, आणि न्यायची चाकणवाल्यांनी." म्हणजे पुण्याजवळच्या मोठ्या कंपन्यांनी.

या वाक्यावर मला तोडीचं उत्तर हवंय, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं, की जाणारा न शिकवताही जातोच. पण जो राहतो आणि ज्याला काही येत नाही, त्याचा खर्च कोणी मोजतच नाही. रात्रपाळीचं रिजेक्शन दिवसपाळीपेक्षा जास्त का? कारण जाणती माणसं दिवसा असतात. आमच्याकडे वाळू हातात घेऊन सांगणारा एक जुना मोल्डर आहे, तो लवकरच निवृत्त होईल आणि त्याच्यामागे कोण, याचं उत्तर कुणाकडे नाही.

दुसरं उदाहरण. कोअर शॉपमध्ये ठेकेदाराकडचा एक बिहारी पोरगा आहे. एका हाउसिंगला (कवचासारख्या कास्टिंगला) सारखे ब्लो होल, म्हणजे गॅसने पडणारी भोकं, यायचे. आम्ही साहेब लोक वाळूतला ओलावा तपासत बसलो होतो. त्याने कोअरमधून गॅस निघायला एक वाट जास्तीची काढून दिली आणि ब्लो होल जवळपास थांबले. हजेरीपत्रकात तो आजही 'हेल्पर' आहे. अशी किती माणसं आपल्या पट्ट्यात हेल्पर म्हणूनच घरी जात असतील?

तुमच्याकडे काय करतात? काय चाललं, काय फसलं, मोकळेपणाने लिहा.

कटिंग_चहा

चांगला धागा. जागा धरून ठेवतो, शिफ्ट सुटली की सविस्तर लिहितो.

उद्यमनगरचा_गाळा

धागाकर्ते, तुमच्या मालकांच्या बाजूने कोणीतरी बोललं पाहिजे, म्हणून मी बोलतो. कोल्हापुरातल्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत माझी छोटी मशिनशॉप आहे, दोन व्हीएमसी आणि तीन सीएनसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारी कापकामाची मशिनं.

नवीन पोराला सेटिंग (मशिनवर टूल आणि जॉब बसवून मापं लावणं) शिकवायचं म्हणजे काय, ते मालकाच्या खुर्चीतून बघा. एक ऑफसेट (टूलच्या मापाचा आकडा) चुकला की टूल तुटतं. नशीब वाईट असेल तर स्पिंडलला मार बसतो. जॉब रिजेक्ट झाला तर कास्टिंगचे पैसे माझ्या नावावर डेबिट. मशिनचा हप्ता बँक सोडत नाही. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे, पण तो दाखवून मोठ्या गिऱ्हाइकाशी भांडायची ताकद कोणात आहे? एवढं सोसून पोरगा तयार होतो आणि दिवाळीचा बोनस खिशात पडला की दुसऱ्या दिवशी फोन बंद. बाँड लिहून घ्या म्हणतात. त्या बाँडपायी कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार?

मोठ्या कंपन्या माणूस तयार करत नाहीत, तयार माणूस उचलतात. तुमचा प्रश्न त्यांना विचारा.

पुण्यात_रमलेला

गाळेवाले काका, मी तोच फोन बंद करणारा पोरगा. म्हणजे तुमच्याकडचा नव्हे, दुसऱ्या एका शॉपमधला, पण गोष्ट तीच.

कोल्हापुरात ऑपरेटर होतो तेव्हा माझं काम होतं जॉब लावणे, बटण दाबणे, जॉब काढणे. सेटिंगची वेळ आली की सेटर मला चहा सांगायला पाठवायचा. परत येईपर्यंत ऑफसेटचं पान बंद. प्रोग्राम बघायला मागितला तर "तुला काय करायचंय?" मालकाला सांगितलं, त्यांनी हसून सोडून दिलं. चाकणला पगार जास्त मिळाला हे खरं, पण खोलीभाडं, मेस आणि महिन्याला एसटी धरली तर हातात फारसं उरत नव्हतं. तरीही राहिलो, कारण इथे पहिल्या सहा महिन्यांत मला फिक्स्चरवर (जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनाच्या कामावर) उभं केलं. आता प्रोग्राम लिहितो.

घरी जे सांगितलं ते 'पगार जास्त आहे' एवढंच सांगितलं. ते सांगायला सोपं असतं. "मला तिथे काही शिकवत नव्हते" हे गावात कुणाला कळणार?

रंकाळ्यावर संध्याकाळी बसायला कुणाला नको असतं हो. शिकायला मिळालं असतं तर मी एवढ्या लांब कशाला आलो असतो?

उद्यमनगरचा_गाळा

म्हणजे दोष सेटरचा. मालकाचा नव्हे.

तालीम_गल्ली

दोष सेटरचा बी न्हाई ओ काका. जरा ऐका.

आपल्याकडं म्हण हाय, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. सगळे डाव शिकवलं की चेला उद्या आपल्यालाच चितपट करंल, ही भीती. सेटर तेच करतोय. त्याच्याकडं शेत न्हाई, डिग्री न्हाई, तो एक ऑफसेटचा डाव हीच त्याची जमीन. ती पोराच्या नावावर केली की उद्या मालक म्हणणार, हा पोरगा निम्म्या पगारात करतोय, तू कशाला?

पण खऱ्या तालमीत बगा. गंगावेश म्हणा, मोतीबाग म्हणा, तिथला वस्ताद डाव राखत न्हाई. पहाटे उठवून पोरांकडनं जोर-बैठका मारून घेतो, खुराकावर नजर ठेवतो, आपला अख्खा जन्म त्यात घालतो. का? तर खासबागेच्या कुस्ती मैदानात पोरगं जिंकलं की पुकारा वस्तादाच्या आणि तालमीच्या नावानं होतो. पोरगं मोठं झालं म्हणजे वस्ताद मोठा झाला. तुमच्या कारखान्यात पोरगं मोठं झालं की मेस्त्री बारका होतो. मग शिकवंल कोण?

कटिंग_चहा

आलो. वरच्या प्रतिसादाला हजार मोदक. मला जे चार परिच्छेदांत लिहायचं होतं ते वस्तादांनी एका डावात उरकलं. आता काय लिहू?

कळंबा_मास्तर

मी आयटीआयमध्ये शिकवतो. अप्रेंटिसचा उल्लेख आलाय म्हणून नियम नीट मांडतो, कारण बऱ्याच कारखान्यांत त्याबद्दल अर्धवट माहिती असते.

अप्रेंटिस कायदा १९६१ चा. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत, तिथे अप्रेंटिस घेणं ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे. प्रमाण एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. आणि ही एकूण संख्या काढताना ठेकेदाराकडची माणसंही धरायची असतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ४ ते २९ माणसं असलेल्यांना हवं तर घेता येतात. २०१६ पासून केंद्राची प्रोत्साहन योजना आहे, तिच्यात स्टायपेंडचा काही वाटा सरकार उचलतं. तेव्हा गाळेवाले, सगळा भार तुमच्याच डोक्यावर येतो असं नाही.

आता कटू भाग. आमची मुलं अप्रेंटिस म्हणून जातात आणि वर्षभर काय करतात ते परत आल्यावर सांगतात. एकाने वर्षभर पॅकिंग केलं. एकाने बर (कापलेल्या कडेवर राहणारी धारदार कीस) काढले, फक्त बर. फिटरचा मुलगा स्टोअरमध्ये इनवर्ड (आलेल्या मालाची नोंद) लिहीत बसला होता. कागदावर प्रशिक्षण, प्रत्यक्षात स्वस्तातले हात. परीक्षेच्या आधी महिनाभर घाईघाईने डायरी भरून घेतात. अशा मुलाला तुम्ही कायम व्हायचं विचारलंत तर तो थांबेल कशाला? त्याला कारखाना म्हणजे काय ते कळून चुकलेलं असतं.

माझी विनंती एवढीच, की अप्रेंटिस घ्याल तेव्हा पहिल्या दिवशी त्याला एक माणूस नेमून द्या. विभाग नव्हे, माणूस. आणि महिन्यातून एकदा आमच्यापैकी कुणाला तरी बोलवा. आम्ही येतो.

कोअरशॉप_ताई

मास्तरांशी सहमत. मी कागल-हातकणंगले फाइव्ह स्टार एमआयडीसीमध्ये आहे. कोअर फिनिशिंगला लागले होते, आता इन्स्पेक्शन बघते. बायकांच्या बाजूने लिहिते, कारण आत्तापर्यंत सगळ्यांनी 'पोरगा'च लिहिलंय.

आमच्या लाइनला आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या बायका आहेत. कोअरची कड जराशी झिजलेली असली तर त्यांना बोटाला कळते, गेज नंतर लावतात. पण एवढी नजर असून त्या वर्षानुवर्षं तिथेच. का? मागच्या एका कंपनीत 'ट्रेनिंग' ठेवलं होतं संध्याकाळी सहा वाजता, शिफ्ट सुटल्यावर. कंपनीची बस सव्वासहाला. बस चुकली की वडापने (खासगी जीपने) जायचं, घरी सासू, पोरं, भाकरी. एकही बाई बसली नाही आणि अहवालात लिहिलं, "महिला कामगारांनी रस दाखवला नाही." मला तो कागद वाचून फार राग आला होता, अजून येतो.

आणि जे शिकवलं ते पडद्यावर, सगळं इंग्रजीत. शिकवणारे साहेब बाहेरून आलेले, व्हर्निअर हातात न देता व्हर्निअरचं चित्र दाखवत होते. शेवटी फोटो, प्रमाणपत्र, समोसा.

मी शिकले ते वेगळ्याच पद्धतीने. एक जुने इन्स्पेक्टर होते, ते रोज जेवणाच्या सुट्टीनंतर दहा मिनिटं एक खराब नग घेऊन यायचे आणि विचारायचे, "ताई, हा का टाकला असेल?" सांगायचे नाहीत, विचारायचे. मी चुकीचं उत्तर दिलं तरी पुढचा प्रश्न विचारायचे. असं करत करत मला ड्रॉइंग वाचता यायला लागलं. त्यांना त्याचे कुणी पैसे दिले नाहीत. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी आमच्या लाइनच्या बायका रडल्या, बाकी कुणाला पत्ताही नव्हता की हा माणूस काय करत होता.

तर धागाकर्त्यांना सांगणं: जे शिकवायचं ते शिफ्टच्या वेळेत, मराठीत (तुमच्या बिहारी मुलासाठी हिंदीत), आणि हातात वस्तू देऊन.

सूतगिरणी

ताई, साष्टांग. इचलकरंजीतून +१. आमच्याकडे तर जॉबर (मागाचा मेस्त्री) वायंडिंगच्या बायकांना मागाला हातच लावू देत नाही.

जुनी_पेठ

थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. कोल्हापुरात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एकाने सोडवून दाखवलाय.

बाबूराव पेंटर. शाळेचं शिक्षण बेताचं, पण सुतारकाम, मूर्तिकाम, रंगकाम सगळं हाताला. बाहेरून कॅमेरा मिळेना तर १९१८ च्या सुमाराला स्वतः कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी चालवली. माझ्या मते त्यांचं खरं काम कॅमेऱ्यापेक्षा मोठं आहे. त्यांच्या कंपनीत कामाच्या भिंती नव्हत्या. व्ही. शांताराम १९२० मध्ये पडेल ते काम करणारा पोरगा म्हणून आत शिरले. दामले, फत्तेलाल तिथलेच. रंगवायचं, सेट उभारायचा, कॅमेरा धरायचा, फिल्म धुवायची, गरज पडली तर पडद्यावर उभं राहायचं. कुणी म्हणालं नाही की तू फक्त ब्रश धर.

उद्यमनगरचा_गाळा

आणि शेवटी काय झालं तेही सांगा की! १९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर सगळे उठले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूरावांची कंपनी त्यानंतर फार दिवस चालली नाही. माझाच मुद्दा सिद्ध झाला.

कटिंग_चहा

आणि १९३३ मध्ये प्रभातही पुण्याला गेली. म्हणजे तयार माणसं पुण्याला न्यायची पद्धत चाकणच्या कितीतरी आधीची आहे! :))

जुनी_पेठ

गाळेवाले, मुद्दा चांगला काढलात, पण मी उलटं वाचतो. ती माणसं गेली तरी पहिली तीन-चार वर्षं प्रभात कोल्हापुरातच होती. पुढेही इथे स्टुडिओ निघाले, मेकअपवाले, सुतार, लाइटवाले, पेंटर यांच्या पिढ्या इथे तयार झाल्या. एक कंपनी संपली, पण धंदा गावात रुजला. तुमच्या उद्यमनगरचंही तसंच आहे. एका वर्कशॉपमधला मेस्त्री बाहेर पडला आणि शेजारी त्याने स्वतःचा गाळा टाकला, असं करत करतच ती वसाहत भरली ना? तुमच्या गाळ्याचा पहिला मेस्त्री कुठे शिकला होता?

उद्यमनगरचा_गाळा

मेस्त्री नव्हे, माझे वडील. दुसऱ्याच्या गाळ्यात. आणि त्यांच्या मालकाने पहिला लेथ हप्त्यावर दिला होता, हेही सांगतो. तो मालक आमच्या घरात अजून पूज्य आहे.

जुनी_पेठ

मग झालं तर.

राजर्षी_नगरी

जुनी_पेठ यांनी वाट काढून दिलीच आहे, तर शाहू महाराजांशिवाय हा विषय कसा पुरा होणार? २६ जुलै १९०२ ला सरकारी नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी ठेवल्या हे सगळ्यांना माहीत असतं. पण महाराज तिथेच थांबले नाहीत, जागा भरायला माणसं तयार व्हावीत म्हणून १९०१ पासून वसतिगृहांची रांग लावली. १९१८ मध्ये कुलकर्णी वतन (गावचे हिशेब ठेवायचा वंशपरंपरेचा हक्क) बंद करून पगारी तलाठी नेमले. जे ज्ञान एका घराण्यात कोंडलेलं होतं ते शिकण्याजोगं केलं. कुणाच्या अंगात काय आहे हे त्याला संधी देण्याआधी कळतच नाही, हे त्यांना कळलेलं होतं. गंगाराम कांबळेंना चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. त्या काळात अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा! आज आपण एका हेल्परला ऑपरेटर करायला घाबरतो.

कटिंग_चहा

चहाचा विषय निघाला म्हणून हळूच विचारतो, शिरोलीत फाट्याजवळ चांगली मिसळ कुठे मिळते?

तालीम_गल्ली

तुला शिकवलं तर तू बी सोडून जाशील. सांगत न्हाई.

वाळूची_मूठ

मिसळीवरून परत वाळूवर येतो. मी मेटलर्जीचा माणूस आहे, गोकुळ शिरगावात क्वालिटीला. धागाकर्त्यांनी जुन्या मोल्डरचा प्रश्न टाकलाय त्यावर कुणी बोललेलं नाही, आणि माझ्या लेखी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आमच्याकडेही असे एक मामा होते. ग्रीन सँड (साच्याची ओलसर वाळू) मुठीत दाबायचे, मग ती मूठभर वाळू मधोमध मोडून तुटलेली कड बघायचे आणि सांगायचे, "पाणी कमी," किंवा "बेंटोनाइट मेलंय," म्हणजे वाळू धरून ठेवणारी माती निकामी झालीय. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत चार बॉक्स ओतून झालेले असायचे, आणि बहुतेक वेळा मामा बरोबर. पहिला प्रयत्न सगळे करतात तोच आम्ही केला: "मामा, तुमचं ज्ञान लिहून द्या." मामा काय लिहिणार? त्यांना विचारलं की म्हणायचे, हाताला कळतं. ते टाळत नव्हते, त्यांना खरोखर शब्दांत सांगता येत नव्हतं.

मग आमच्या एका सुपरवायझरने युक्ती काढली. दर तासाला सँपल लॅबला जायचंच, त्याच वेळी मामांनी मूठ दाबून ओलाव्याचा आकडा बोलायचा. साधारण तीन ते चार टक्क्यांच्या मधला खेळ आहे, पण अर्ध्या टक्क्याने कास्टिंग बिघडतं. शेजारी दोन तरुण मुलं उभी. त्यांनीही मूठ दाबून आपापला आकडा बोलायचा. तिन्ही आकडे फळ्यावर, मग लॅबचा आकडा त्याखाली. सुरुवातीला पोरांचे आकडे कुठच्या कुठे. पण रोज, तासातासाला, लगेच उत्तर मिळतंय म्हटल्यावर हात सुधारतो. आणि गंमत अशी की पोरं चुकली की मामांना बोलायला सुचायचं. "अरे, कड बघ, भुरभुरतेय. बोटाला चिकटली का? नाही ना? मग ओली कशी?" जे वहीत उतरलं नसतं ते असं बाहेर आलं. ती वाक्यं सुपरवायझर लिहून घ्यायचा. आज तीच वाक्यं फोटोंसकट सँड प्लांटला लावलेली आहेत.

भट्टीवरही हेच केलं. एसजीला मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली की परिणाम उतरायला लागतो, दहा-बारा मिनिटांत लाडल (वितळलेल्या लोखंडाचं भांडं) रिकामी व्हायला हवी. हे सगळ्यांना पाठ होतं, पण का, ते पोअरिंगवाल्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. मायक्रोस्कोपखाली चांगला गोल ग्रॅफाइट आणि उशिरा ओतलेला बिघडलेला ग्रॅफाइट, दोन्ही त्यांना दाखवले. एकजण बराच वेळ डोळा लावून उभा होता. त्यानंतर लाडल थांबवून गप्पा मारणं बंद झालं, कुणावर ओरडावं लागलं नाही.

पुस्तकी आधार हवा असेल तर, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांत नवखी माणसं झटपट तयार करायला 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम निघाला होता, युद्धानंतर तो जपानात गेला आणि तिथे जास्त रुजला. त्यातली शिकवायची रीत साधी आहे: आधी माणसाला निवांत करा, मग सांगत सांगत करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या आणि त्यालाच सांगायला लावा, शेवटी सोडून द्या पण येऊन बघत राहा. आपण दुसऱ्या पायरीवर थांबतो. "बघितलंस ना? कर आता." आणि निघून जातो.

आता वस्तादांचा मुद्दा. मामांनी हे का केलं? कारण आमच्या प्लांट हेडने दोन गोष्टी आधीच केल्या. निवृत्तीनंतर आठवड्यातून काही दिवस 'शिक्षक' म्हणून पगारी काम मिळेल, हे कागदावर लिहून दिलं. आणि एकही मुलगा मामांच्या जागी कमी पगारात बसणार नाही, हे सगळ्यांसमोर सांगितलं. नुसत्या सत्काराच्या शालीवर हे झालं नसतं.

कळंबा_मास्तर

वाळूची_मूठ, हा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. परवानगी गृहीत धरतो.

हजेरीपत्रक

सगळं छान चाललंय, पण एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. ठेका.

शिरोली-कागल पट्ट्यातल्या कित्येक शॉपमध्ये निम्म्याहून जास्त हात ठेकेदाराचे असतात. ठेकेदार बदलला की तोच माणूस त्याच मशिनवर नव्या नावाने 'नवीन' होतो. त्याची जुनी वर्षं पुसली जातात. मधे ब्रेक देतात तो वेगळाच. अशा माणसाला तुम्ही 'तुझ्यातल्या क्षमता ओळख' म्हणून शिकवायला बसवणार? त्याला माहीत आहे की मोल्डर झाला तरी पगारपत्रकावर अकुशलच राहणार. किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे तीन वर्ग आहेत. काम कुशल करून घ्यायचं आणि पैसे अकुशलचे द्यायचे, हा कंजूषपणा नाही, हा अन्याय आहे.

माझं स्पष्ट मत: शिकण्याच्या प्रत्येक पायरीला पगाराची पायरी जोडलेली नसेल, तर शिकवणी सुरूच करू नका. माणसाला आशा लावून खाली ठेवणं जास्त वाईट.

उद्यमनगरचा_गाळा

हजेरीपत्रक, पायरीला पैसे जोडा हे मान्य. पण मोठ्या कारखान्याला शंभर रुपये वाढवणं आणि मला वाढवणं यात फरक आहे. माझ्याकडे मी पुढच्या महिन्यापासून एक करू शकतो: सेटरने ज्या ऑपरेटरला सेटिंग शिकवलं, तो ऑपरेटर एकटा सेटिंग करून पहिला नग पास करेल, त्या दिवशी दोघांनाही बक्षीस. शिकणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला सारखं. चालेल?

पुण्यात_रमलेला

काका, चालेल नाही, पळेल. आणि सेटिंगच्या वेळी चहा सांगायला दुसऱ्याला पाठवा.

कोअरशॉप_ताई

गाळेवाले, तुमच्याकडे एखादी मुलगी ऑपरेटर म्हणून घ्याल का? आमच्या गावातल्या दोघी सीएनसीचा कोर्स करून घरी बसल्यात. सगळीकडे "लेडीजला मशिनवर नको" ऐकून आल्या.

उद्यमनगरचा_गाळा

दिवसपाळीला पाठवा. सोमवारी अकरानंतर, गाळ्यावर. आधी मशिनवर उभं करून बघतो, मग बोलू. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

शिरोली_नाका

मंडळी, एवढं लिहिलंत, मनापासून आभार. सगळे प्रतिसाद छापून मालकांच्या टेबलावर ठेवले. दुपारी बोलावणं आलं. त्यांनी पेनाने खुणा केल्या होत्या, वाळूच्या मुठीवर आणि वस्तादांच्या डावावर जास्त.

चाकणच्या वाक्यावर ते अजून ठाम आहेत, म्हणतात जाणारे जाणारच. पण दोन गोष्टींना होकार दिलाय. आमच्या जुन्या मोल्डरना निवृत्तीनंतर शिकवण्यासाठी पगारावर ठेवायचं, आणि फळ्याचा प्रयोग सँड प्लांटला या महिन्यापासूनच. ट्रेनिंग शिफ्टच्या वेळेत, हेही ताईंचा प्रतिसाद वाचून लगेच मान्य केलं. पायऱ्यांना पगार जोडायचा विषय "हिशेब करून सांगतो" वर आहे. मी तो सोडणार नाही.

राहिला कोअर शॉपमधला तो पोरगा. मालक म्हणाले, त्याला अप्रेंटिस म्हणून घेऊ, म्हणजे सरकारचा वाटा पण मिळेल. मास्तर, हे बसतं का?

कळंबा_मास्तर

बसवायचा प्रयत्नही करू नका. अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ. तो मुलगा तुमच्या साहेब लोकांच्या आधी ब्लो होल बंद करून बसलाय, तो कसला शिकाऊ? त्याला सरळ तुमच्या पटावर घ्या. अनुभवातून शिकलेल्यांचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे, 'आरपीएल' म्हणतात तिला. त्यासाठी त्याला पुन्हा पहिलीपासून शिकावं लागत नाही. कागदपत्रांची मदत मी करतो, पण आधी नेमणुकीचं पत्र.

हजेरीपत्रक

मास्तरांना अनुमोदन. आणि पत्रावर हुद्दा 'कोअर मेकर' लिहा, कुशल वर्गात.

उद्यमनगरचा_गाळा

शिरोली_नाका, तुमच्या मालकांचा हिशेब लांबत असेल तर त्या पोराला माझ्याकडे पाठवा. माझ्या कास्टिंगवाल्याला असा माणूस हवाच आहे, पगार आजच ठरवू.

शिरोली_नाका

गाळेवाले, हा तुमचा प्रतिसाद मी उद्या सकाळी मालकांना सगळ्यात आधी वाचून दाखवतो. नेमणुकीचं पत्र दुपारपर्यंत निघेल.